रवीच्या नावाची डबी

फोन वाजला तेव्हा रत्नमालाचे दोन्ही हात भज्यांच्या पिठात होते. तिने कोपराने पडद्यावरचं हिरवं बटण सरकवलं आणि फोन तेलाच्या पिंपाला टेकवून तसाच मोठ्या आवाजात ठेवला. "ताई, रवीचा रिपोर्ट आला," पलीकडून दौलतसिंग म्हणाला, "पॉझिटिव हाय." अंगणात मंडपवाला लोखंडी खुर्च्या उलगडून आपटत होता, मोरीत नळ सोडलेला होता, म्हणून ते घरात कोणाच्या कानावर गेलं नाही. तिने पिठाच्याच हाताने आवाज बारीक केला. "ऐकू येऊन राह्यलं ना? अठराव्या महिन्यात जंतू वाढले, मले तं खरंच नाई वाटलं. मी आज मालेगावातच हावो. एक-दीडले येतो, दुसरा नमुना घेऊन जातो. तवरोक त्याले सांगू नका, उगा घाबरन." ती म्हणाली, "आज नको ना सर. आज त्याचं साक्षगंध हाय. शिरपूरचे पाव्हणे येऊन राह्यले." तो म्हणाला, "नमुन्याची गाडी आजच जाते ताई. आन् पाव्हण्यांसमोर मी तोंड उघडत नसतो. इतकी वर्षं झाली, कोनाच्या दारात बिमारीचं नाव घेतलं नाई मी." फोन बंद झाला. पडद्यावर पिठाची बोटं उमटलेली राहिली.

तिला जे पहिल्यांदा वाटलं ती भीती नव्हती. शाळेत एखादं गणित सोडवून झालं की पुस्तकाच्या मागच्या पानावरचं उत्तर हळूच बघायचं आणि ते जुळलेलं असायचं, तसं काहीतरी छातीत हललं. कारण ते जंतू रवीचे नव्हतेच. पाच आठवड्यांपूर्वी डबीवर नाव रवीचं लिहिलं होतं, पण आतला बेडका तिचा होता. तिने कढईत पिठाचा थेंब टाकून पाहिला. तेल अजून तापायचं होतं.

रवी तिचा दीर. दीड वर्षापूर्वी त्याला टीबी निघाला, आणि तोही साध्या गोळ्यांना दाद न देणारा. तेव्हापासून क्षयरोग विभागाचा सुपरवायझर दौलतसिंग मोटरसायकलवरून दुसऱ्या फळीच्या गोळ्यांचा डबा घरी आणून देत होता, आणि त्या गोळ्या दिराला रोज आपल्या डोळ्यांसमोर गिळायला लावून कार्डावर सही करायचं काम रत्नमालाकडे होतं. तिचं बारावी सायन्स झालं होतं, बी.एस्सी.चं एक वर्षही झालं होतं, म्हणून. नवरा नरेंद्र वाळूजच्या कंपनीत, दोन महिन्यांतून एकदा यायचा. आज भावाच्या साक्षगंधालाही त्याला सुट्टी मिळाली नव्हती. सासू भागिरथाला अक्षर लागत नव्हतं, आणि त्या रोगाचं नावही तिच्या जिभेवर चढत नव्हतं. सासरे भिवाजी त्याच रोगाने गेले तेव्हा ती गावभर दमा म्हणत होती. रवीलाही या घरात आजवर दमाच होता. डबा देव्हाऱ्यासारखा उंच फळीवर, जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. कोणी आलं आणि विचारलं तर सांगायचं, रवीच्या कंपनीचे कागद आहेत. तो ठिबकच्या कंपनीत होता.

औषधाने मात्र त्याला खरंच बरं केलं होतं. इतकं बरं, की शेवटच्या तपासणीसाठी त्याच्या छातीतून बेडका निघेना. हा नमुना कोरा आला की कोर्स संपला, डबा बंद, असं दौलतसिंगने सांगितलं होतं. आणि शिरपूरच्या रूपाशी त्याची सोयरीक तेव्हाच जमत आलेली. दोनदा रवीने डबीत थुंकून दिलं आणि दोनदा ते परत आलं, की ही नुसती लाळ आहे. तिसऱ्या वेळी भागिरथा डबी हातात घेऊन ओट्यापाशी आली. "तुले येते ना बेडका? सकायी सकायी खोकलत असतं मोरीत. दे मंग तू." रत्नमाला म्हणाली, "आत्याबाई, असं नाई चालत." "काहून नाई चालत? त्याह्यले थुका पाह्यजे, थुका देऊ. त्याच्यावर का नाव लिवलेलं रायते?" खाटेवर पडून मोबाइल बघत असलेला रवी मान न वळवता हसला होता. "द्या वहिनी. सात वर्षं झाले, तुमी या घराले काहीच देलं नाई. एवढं तं द्या."

त्यांना वाटलं होतं, हिचा खोकला निरोगी माणसाचा खोकला आहे. दिवाळीच्या आसपास घरामागच्या मोकळ्या जागेत मळणीयंत्र लागलं होतं, चार दिवस सोयाबीनचं भूस उडत होतं, आणि त्यानंतर ती जी खोकायला लागली ती लागलीच. भुसाचा खोकला, असं सगळे म्हणाले. फोनवर नरेंद्रही म्हणाला. ती ते ऐकून घ्यायची. पण संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिच्या अंगात बारीक कणकण यायची, आणि ती कोणी नसलं की मनगटाची आतली बाजू पाण्याच्या स्टीलच्या टाकीला टेकवून उभी राहायची, तो गारवा किती वेळात कोमट होतो ते मनातल्या मनात मोजत. ब्लाउज दोनदा आतून घ्यावे लागले होते. रवीच्या कार्डाच्या मागच्या बाजूला ही सगळी लक्षणं छापलेली होती, आणि ते कार्ड ती रोज सही करताना पाहत होती. एकदाच, भाजी निवडताना, सहज म्हटल्यासारखं ती म्हणाली होती, "मी बी एकदा तपासून घेतो." भागिरथाने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली नव्हती. "घरात एक पुरे हाय," एवढंच ती बोलली.

म्हणून तिने ती डबी घेतली. सासूच्या धाकाने घेतली असं नंतर ती स्वतःला सांगत राहिली, पण ते खरं नव्हतं. स्वतःशी इतकं खोटं तिला जमत नसे. पहाटे मोरीत उभं राहून, पोटापासून खोकून, तिने तो पिवळट गोळा डबीत टाकला आणि झाकण लावण्याआधी डबी उजेडाकडे धरून नीट पाहिली. वाशीमच्या कॉलेजात पहिल्या वर्षी प्रत्येकीला सूक्ष्मदर्शकातून अर्धं मिनिट बघू द्यायचे. दह्यातले जंतू. निळ्या-जांभळ्या काड्या, काही सरळ, काही एकमेकींना चिकटलेल्या. तिचा डोळा तिथून निघत नव्हता, मागच्या मुलींनी शेवटी तिची वेणी ओढली. त्या उन्हाळ्यात लग्न झालं. आता ही डबी दूरच्या कुठल्या तरी मोठ्या प्रयोगशाळेत जाईल, गरम पेटीत महिनाभर राहील, आणि कोणीतरी पांढऱ्या कोटातलं माणूस तिला काय झालंय ते बघेल, तिचं नाव न विचारता. प्रश्न विचारल्याचं कोणालाही न कळता उत्तर मिळणार होतं. उत्तर आलंच तर ते कोणाच्या नावावर येईल, हा विचार तिने तेव्हा केला होता का? केला होता. अर्धा. पुढचा अर्धा तिने झाकणासारखा फिरवून घट्ट केला होता.

"झाले का व भजे?" भागिरथाने दारातून विचारलं. हिरव्या काठाची नवी साडी, केसांना तेल. "आले ते. गाडी वळली चौकातून."

शिरपूरची माणसं जीपमधून उतरली. बायका आत आल्या, पाय धुतले, बसल्या. पुढच्या खोलीत तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंना हार घातले होते, समोर मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. रत्नमाला सगळ्यांच्या मागे, दाराच्या चौकटीत उभी राहिली आणि शीलं म्हणताना तिच्या लक्षात आलं की आपण तोंडाला पदर धरून म्हणतोय. रवी आणि रूपा शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसले. रूपा एम.ए.ला होती, हसताना हाताने तोंड झाकायची, आणि आल्या आल्या चपला काढायच्या आधी तिने रत्नमालाचा हात धरून "तुमीच का जाऊबाई?" असं विचारलं होतं. रवीच्या अंगावर मोतिया रंगाचा कुर्ता, खांद्यावर पाहुण्यांनी दिलेली शाल. त्या कुर्त्यामुळे त्याचा चेहरा आणखीच उठून दिसत होता, तांबूस काळा, भाजलेल्या विटेसारखा. रूपाची मावशी बोललीच, "फोटोत तं गोरा होता व पोरगा." भागिरथा तयारच होती. "फिरतीची नोकरी हाय न बाई. दिवसभर वावरात. ऊन का सोडते?" बायका हसल्या. एकीने म्हटलं, "लगनात हयद जास्त लावा मंग," आणि पुन्हा हशा झाला. रवीही हसला, पण त्याचे डोळे एकदा रत्नमालाकडे येऊन गेले. तो रंग कोणत्या कॅप्सूलचा आहे हे या खोलीत दोघांनाच नीट माहीत होतं.

चार औषधं होती. लांबट गोळी, जिने टाचेच्या वरची शीर दुखायची. पांढरी गोळी, जिने तळपायांना रात्रंदिवस मुंग्या. मऊ तपकिरी कॅप्सूल, जी कातडीत शिरून रंग सोडायची. आणि एक अशी, जी डोक्यात जायची. रवी डोळे घट्ट मिटून, मान मागे टाकून, एकामागून एक गिळायचा. हातावर काय ठेवलंय ते तो बघत नसे, बघितलं की उलटी होते म्हणायचा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात त्याने आरशात स्वतःला पाहिलं आणि हातातला स्टीलचा पेला तिच्या तोंडावर फेकून मारला. भुवई फुटली. भागिरथाने हळद दाबली आणि म्हणाली, गोळ्यांचा तरास हाय त्याले, मनावर घेऊ नको. दौलतसिंगनेही तेच सांगितलं, की त्या एका कॅप्सूलने माणूस भडकतो, वाईट स्वप्नं पडतात. मग डॉक्टरांनी ती कॅप्सूल दोन आठवडे थांबवली. रत्नमालाने ते दोन आठवडे फार बारकाईने पाहिले. कॅप्सूल चालू असताना तो दिवसाला साधारण किती वेळा तिला वांझ म्हणतो, किती वेळा ताट सरकवतो. बंद असताना किती. चौदा दिवसांत काहीच फरक पडला नाही. कॅप्सूल निर्दोष होती. हे कळल्यावर तिला एक विचित्र, थंड समाधान झालं होतं, आणि तिने ते कोणाला सांगितलं नाही. रवी पुन्हा ओरडला की ती आपली त्याच्याकडे शांतपणे बघत राहायची, काचेखाली ठेवल्यासारखं.

आता मेणबत्त्या अर्ध्या झाल्या होत्या, लग्नाच्या तारखेचं बोलणं चाललं होतं, मे की जून, हॉल कुठे भेटतो. आणि भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा. तिला खोकल्याची उबळ आली. ती स्वयंपाकघरात गेली, तोंडात पदराचा बोळा कोंबून वाकली. उबळ लांबली. डोळ्यांसमोर बारीक ठिणग्या फिरल्या. मान वर केली तेव्हा भागिरथा शेवचिवड्याच्या रिकाम्या ताटल्या घेऊन मागे उभी होती.

"दौलतसिंग येऊन राह्यले," रत्नमाला म्हणाली. "रवीचा रिपोर्ट पॉझिटिव आला."

भागिरथाने ताटल्या ओट्यावर ठेवल्या. एक एक, आवाज न करता. "तो तं बरा झाला."

"हो. थुका माह्या होता."

या बाईला अक्षर लागत नव्हतं, पण नवऱ्याच्या उशाशी तिने तीन वर्षं काढली होती. तिला समजवून सांगायची गरज पडली नाही. तिने रत्नमालाच्या चेहऱ्याकडे, मग गळ्याच्या हाडांकडे पाहिलं, बाजारात शेळी बघतात तसं. पुढच्या खोलीत कोणीतरी मोठ्याने म्हणत होतं, जून नको, पेरणीचा टाइम.

"कोनाले सांगतलं?"

"कोनालेच नाई."

"नरेंद्राले?"

"नाई."

"सांगूबी नको. तो सायब आला का मी माह्या थुका देतो डबीत. मले काही नाई झालं. नील येईन. रवीची फाइल बंद होईन." ती हे भाजीत मीठ किती ते सांगावं तसं सांगत होती. "लगन होऊ दे. मंग तुयं पाहू."

"लगन मे महिन्याच्या आधी नाई आत्याबाई. चार महिने हायेत."

"मंग? माह्या मानसानं तीन वर्षं काढले."

"मले गोळ्या पाह्यजे." हे वाक्य तिने ठरवलेलं नव्हतं. ते घशातून वर आलं आणि बाहेर पडल्यावर फारच लहान, हट्टी पोरीचं वाटलं.

भागिरथा जवळ आली. तिच्या अंगाला नव्या साडीच्या खळीचा वास येत होता. तिने रत्नमालाच्या पदराचं टोक हातात घेतलं, त्याच्यावरचा ओला डाग पाहिला, आणि तो डाग आत जाईल अशी घडी घालून पदर तिच्या खांद्यावर नीट बसवला. "आयक," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "एका घरात दोन जनाले निंघालं का लोक घर सोडतात. रूपा गेली तं रवीले दुसरी भेटनार नाई. हा रंग घेऊन कोन देते पोरगी? नरेंद्राले दुसरी भेटते. त्याले आजबी भेटते." मग ताटल्यांत भजी वाढून घेऊन ती बाहेर गेली, आणि दारातूनच तिचा दुसरा आवाज ऐकू आला, "घ्या न बाई, गरम हायेत!"

रत्नमाला ओट्याला टेकून उभी राहिली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण डोकं उलट स्वच्छ होत गेलं, ताप उतरताना होतं तसं. चार महिने. हा जंतू आळशी असतो, दह्यातले अर्ध्या-एक तासात दुप्पट होतात, याला जवळजवळ एक दिवस लागतो. ती मनात दुप्पट करत गेली. एक, दोन, चार, आठ. पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत जाता जाता आकड्यांनी तिचा हात सोडला. फळीवर, जुन्या साडीच्या फडक्यात, अकरा दिवसांच्या गोळ्या होत्या. त्या कोणासाठी होत्या? कागदावर रवीसाठी. पण रवीला त्यांचं आता काम नव्हतं. त्यांचं काम होतं ते तिला, याच गोळ्यांचं, याच क्रमाने, कारण रोग त्याच्याच छातीतून तिच्या छातीत आलेला होता. आणि रवी तर डोळे मिटून गिळतो. हातावर काय ठेवलंय ते बघत नाही.

तिथून पुढचं सगळं आपोआप एकामागून एक येत गेलं, ती फक्त बघत होती. सासूचा थुका गेला तर नमुना कोरा येईल, डबा बंद होईल, आणि जूनमध्ये तिला माहेरी पाठवतील, दमा म्हणून. तिचा स्वतःचा गेला, पुन्हा रवीच्याच नावाने, तर डबा चालू राहील. रवीच्या हातावर ती जीवनसत्त्वाच्या गोळ्या ठेवील, आम्लपित्ताच्या ठेवील, तो मान मागे टाकून गिळील. खऱ्या ती स्वतः घेईल, मोरीत, दार लावून. तिला टाचा दुखतील, मुंग्या येतील. ती काळी पडेल; त्याचं कारण तिला अजून सुचत नव्हतं, पण बायकांच्या रंगाकडे लग्न झाल्यावर कोण बघतं. पाच आठवड्यांनी रिपोर्ट येईल तेव्हा भागिरथाला कळेल, आणि भागिरथाला काही बोलता येणार नाही, कारण बोलायचं तर पहिल्या डबीपासून सांगावं लागेल. रूपाच्या घरी कोणीतरी कळवेल. कळवायलाच हवं, ती पोरगी चांगली होती. ही सोयरीक मोडेल. दम्याला या घरात पहिल्यांदा त्याच्या नावाने हाक मारली जाईल, आणि ती रवीला मारली जाईल. या शेवटच्या विचारापाशी तिला इतकं बरं वाटलं की तिने घाबरून ओट्याची कड धरली. आपण जगण्यासाठी हे करतोय की यासाठी? तिने प्रामाणिकपणे दोन्ही तोलून पाहिलं. काटा थांबेना. बाहेर मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला.

दौलतसिंग दारातच राहिला. पाहुण्यांना त्याने रामराम केला, "ठिबकच्या कामाचं आलो होतो, मोठ्या दिवशी आलो की," असं इतक्या सहजपणे म्हणाला की रूपाच्या वडिलांनी त्याला खुर्ची दिली. भागिरथाने पेढा दिला. रवी पांढराफटक पडला असता, पण त्याच्या कातडीला आता पांढरं पडता येत नव्हतं; त्याने फक्त शाल पुढे ओढून घेतली. दौलतसिंगने पेढा खाल्ला, पाणी प्यायला, आणि उठताना भागिरथाच्या हातात कागदी पिशवी दिली. आत दोन डब्या होत्या, एक आत्ताची, एक उद्या सकाळची. दोन्हींवर रवीचं नाव.

भागिरथा पिशवी घेऊन मागे आली. मोरीत तिने खाकरून खाकरून एका डबीत थोडं जमवलं, तोंड पुसलं आणि डबी रत्नमालाकडे दिली. "झाकन लाव. नेऊन दे त्याले फाटकापाशी. मी पाव्हण्यांत बसतो." जाता जाता ती वळली. "पोरी," ती म्हणाली. सात वर्षांत हा शब्द तिने वापरला नव्हता. "मी तुयं वाईट नाई पाहत." रत्नमालाने मान हलवली. आणि ती दिसेनाशी झाल्यावर तिने दुसरी डबी उघडली.

खोकला बोलावल्याबरोबर आला. किती सोपं होतं ते. तिने झाकण लावलं, डबी पुसली, सासूची डबी दगडाखाली दाबली. उद्याच्या नमुन्याचं उद्या बघता येणार होतं.

फाटकाबाहेर दौलतसिंग मोटरसायकलच्या डिकीत बर्फाचा डबा उघडून उभा होता. त्याने डबी उन्हात धरून पाहिली. "वा. आता कसा नमुना हाय. तेवढ्यात कसं काढलं त्यानं, पाव्हण्यांतून उठून?"

"मागच्या दारानं आला होता."

त्याने डबी ठेवली, कागदावर वेळ लिहिली. मग टोपी काढून कपाळ पुसलं. चांगला माणूस होता. पायांत सरकारी बूट नव्हते, साध्या चपला होत्या आणि टाचांना भेगा. "ताई, तुमी बरीक झाले का? तुमाले खोकला-बिकला?"

प्रश्न इतका साधा होता की तिला हसू आलं. हो म्हटलं असतं तर तिसरी डबी त्याच्या पिशवीतून नक्की निघाली असती, आणि तिच्यावर तिचं नाव त्याने इथेच, डिकीवर कागद ठेवून लिहिलं असतं. पाच आठवड्यांनी फळीवर तिच्या नावाचा डबा आला असता. पण हुशार माणूस होता दौलतसिंग. तिचा रिपोर्ट हातात आल्यावर आधीच्या दोन डब्यांचं त्याला कळलंच असतं. रवी सुटला असता, शाल पांघरून, मे महिन्यात हॉलमध्ये. आणि नरेंद्राला दुसरी भेटते. हो म्हणायची गरजच काय होती? गोळ्या तिच्या हाताशी होत्या. छातीत उबळ दाटून आली, तिने ती जिभेच्या मुळाशी धरली, दाबली, गिळली.

"नाई," ती म्हणाली. "भुसाचा होता, गेला."

"बरं झालं. तुमी धड हाय म्हनून हे घर चालू हाय." त्याने डिकी लावली. मग काहीशा संकोचाने, फाटकाच्या गजाकडे बघत म्हणाला, "एक काम करा. गोळ्यांचा डबा आना बरं. फडक्यात गुंडायलेलाच आना, कोनाले दिसनार नाई."

"काहून?"

"नियम हाय. पॉझिटिव आला का घरचा डबा बंद. तुमच्यावर संशय नाई माह्या, सह्या हायेत तुमच्या रोजच्या. पन गोळ्या पोटात गेल्या असत्या तं जंतू वाढले नसते ना? तो तोंडात धरून थुकत असन मागून. असे लई पाह्यले मी. उद्यापासून त्यानं रोज सेंटरवर याचं, माह्या समोर तोंड उघडून गियाचं. जीभ वर करून दाखवाची. दुसरा रिपोर्ट येइपर्यंत हेच, आन् पुन्हा पॉझिटिव आला तं याच्याहून कडक गोळ्या, तशाच, माह्या समोर."

ती आत गेली. पुढच्या खोलीत फोटो काढणं चाललं होतं, रूपाने तिला हात केला, "जाऊबाई, या न, तुमी एकात बी नाई!" ती थांबली नाही. स्टुलावर चढून तिने फळीवरून डबा काढला. तो हलका होता. फडक्यातून हाताला पट्ट्यांच्या कडा लागत होत्या, आणि क्षणभर तिने बोट आत घालून एक तरी पट्टी ओढायचा प्रयत्न केला, पण तो पट्ट्या मोजून घेणार हे तिला माहीत होतं. कार्डाशी ताळा जमला नाही तर तो म्हणाला तोच संशय खरा ठरला असता, आणि तिच्यावर. स्टुलावरून उतरताना तिला दारात भागिरथा दिसली. ती डब्याकडे बघून पहिल्यांदाच मनापासून हसली. तिला वाटलं, घरातून गेला एकदाचा.

फाटकापाशी दौलतसिंगने पट्ट्या मोजल्या, कार्डावर लिहिलं, तिच्याकडून शेवटची सही घेतली. किल्ली फिरवली. अजून तो तिथेच होता. तिला फक्त खोकायचं होतं. काही बोलायचंही नव्हतं, नुसतं तोंड उघडायचं आणि छातीला जे हवं ते करू द्यायचं, त्याच्या समोर, उन्हात. त्याला आवाज ओळखू आला असता.

"सर," ती म्हणाली.

"बोला."

"रविवारी सेंटर बंद रायते ना?"

"हो. रविवारची पुडी शनिवारी घरी देऊन ठेवीन मी. तुमच्याच हातात देईन, त्याच्या नाई."

आठवड्यातून एकच दिवस या गोळ्या घेतल्या तर काय होतं, हे तिला त्या घरातल्या कोणाहीपेक्षा, कदाचित त्या रस्त्यावरच्या कोणाहीपेक्षा नीट माहीत होतं. कार्डाच्या मागच्या बाजूला ठळक अक्षरांत तेच छापलेलं होतं. जंतू मरत नाहीत. सहा दिवस विश्रांती मिळते, सातव्या दिवशी ते औषध ओळखायला शिकतात, आणि जे शिकतात तेवढेच उरतात, वाढतात.

"बरं," ती म्हणाली.

मोटरसायकल चौकाकडे वळेपर्यंत ती फाटक धरून उभी राहिली. आज बुधवार होता. गुरुवार, शुक्रवार, आणि शनिवारी तो पुडी घेऊन येणार होता.